तटाच्या आत आणि बाहेर : कोपनहेगनच्या पेठांचा इतिहास

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन झीलंड बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, ओरसुंड या चिंचोळ्या सामुद्रधुनीच्या काठी वसलेली आहे. पलीकडच्या किनाऱ्यावर स्वीडन दिसतो. बाल्टिक समुद्रातून उत्तर समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांची मुख्य वाट याच पाण्यातून जाते. त्यामुळे शहराची भरभराट या पाण्यावाटे आली आणि शत्रूची आरमारेही याच वाटेने आली. संरक्षणासाठी शहराभोवती मातीचा उंच तट, बुरूज आणि रुंद खंदक होते. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोपनहेगनची वस्ती या तटाच्या आत कोंडलेली राहिली. तटाबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात पक्के बांधकाम करायला मनाई होती. कोण कुठे राहणार, कोणाच्या वाट्याला किती हवा आणि उजेड येणार, हे दोन शतके या तटाने ठरवले. तट गेल्यावरही आत आणि बाहेर हा फरक शहराच्या रचनेत टिकून राहिला. म्हणून कोपनहेगनच्या पेठांचा इतिहास तटाच्या इतिहासाला धरूनच सांगावा लागतो.

बेटावरचा किल्ला आणि जुने शहर

बाराव्या शतकात या जागी मासेमारांची आणि व्यापाऱ्यांची एक लहान वस्ती होती. ओरसुंडमध्ये हेरिंग माशांचे प्रचंड थवे येत. मीठ लावलेल्या हेरिंगला युरोपभर मागणी होती, कारण ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असले तरी मासा चालत असे. राजा पहिला वाल्देमार याने ही वस्ती रोस्किल्डचा बिशप आब्सालोन याच्याकडे सोपवली. आब्सालोनने ११६७ च्या सुमारास किनाऱ्यालगतच्या एका लहानशा बेटावर चुनखडीच्या दगडांचा गोलाकार कोट बांधला. हे बेट म्हणजे आजचे स्लॉट्सहोल्मेन. उत्तर जर्मनीतील व्यापारी शहरांच्या हान्सा संघाला कोपनहेगनची वाढ खुपत होती. त्यांच्या फौजांनी १३६९ मध्ये हा कोट पाडून टाकला. त्याच जागी नवा किल्ला उभा राहिला. १४१७ मध्ये राजा एरिकने शहर बिशपच्या ताब्यातून काढून कायमचे राजसत्तेकडे घेतले.

स्लॉट्सहोल्मेनवर त्यानंतर एकामागून एक राजवाडे झाले. अठराव्या शतकात बांधलेला क्रिस्तियान्सबोर्ग राजवाडा १७९४ मध्ये जळाला. त्याच्या जागी उभा राहिलेला दुसरा १८८४ मध्ये जळाला, आणि आजची तिसरी इमारत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. संसद, सर्वोच्च न्यायालय आणि पंतप्रधानांचे कार्यालय तिथेच आहे. तिचा पाया खोदताना आब्सालोनच्या कोटाची भिंत सापडली. हे अवशेष तळघरात जपून ठेवलेले असून लोकांना पाहता येतात.

बेटासमोरचा काठ म्हणजे गामेल स्ट्रांड. शतकानुशतके इथे कोळिणी मासे विकायला बसत. शहराच्या उत्तरेला असलेल्या स्कोव्हशोव्हेड गावच्या कोळिणींची परंपरा विसाव्या शतकापर्यंत चालली. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला डोक्याला रुमाल बांधलेल्या कोळिणीचा दगडी पुतळा आजही त्या काठावर आहे. जवळच्या आमागरटोर्व चौकात आमागर बेटावरचे शेतकरी भाजीपाला विकत. १४७९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले आणि वोर फ्रू चर्चच्या आसपास प्राध्यापक, विद्यार्थी आणि पुस्तकविक्रेते यांची पेठ तयार झाली. मासळीबाजार, भाजीबाजार, चर्च आणि विद्यापीठ हे सगळे काही मिनिटांच्या पायी अंतरावर होते. मध्ययुगीन कोपनहेगन एवढेच होते.

चौथ्या क्रिस्तियानच्या नव्या पेठा

१५८८ ते १६४८ या काळात गादीवर असलेल्या चौथ्या क्रिस्तियानने शहराचा नकाशा बदलून टाकला. बाल्टिक प्रदेशातला सगळा व्यापार कोपनहेगनमधून व्हावा आणि डेन्मार्कचे आरमार उत्तरेत सर्वांत बलाढ्य असावे, अशी त्याची महत्त्वाकांक्षा होती. त्यासाठी त्याने गोद्या, कोठारे आणि दारूगोळ्याची भांडारे बांधली. १६१९ पासून स्लॉट्सहोल्मेनवर बोर्सेन ही व्यापाऱ्यांच्या देवघेवीची लांबलचक इमारत उभी राहू लागली. चार ड्रॅगनांच्या शेपट्यांचा पीळ घातलेला तिचा मनोरा शहराची ओळख बनला. १६ एप्रिल २०२४ रोजी दुरुस्ती चालू असताना लागलेल्या आगीत हा मनोरा कोसळला. आत टांगलेली जुनी चित्रे बाहेर काढायला कर्मचाऱ्यांबरोबर रस्त्यावरचे लोकही धावले.

विद्यापीठाच्या पेठेत याच राजाने १६३७ ते १६४२ या काळात गोल मनोरा बांधला. वर वेधशाळा, शेजारी चर्च आणि चर्चच्या माळ्यावर विद्यापीठाचे ग्रंथालय अशी ही योजना होती. मनोऱ्यात पायऱ्यांऐवजी विटांचा रुंद चढ आहे. मधल्या खांबाभोवती साडेसात वेढे घेत तो वर जातो. या चढावरून जड उपकरणे आणि ग्रंथ वाहून नेणे सोपे जाई. १७१६ मध्ये रशियाचा झार पीटर याने इथे घोडा वरपर्यंत नेला होता.

याच राजाने स्लॉट्सहोल्मेनच्या समोर, शहर आणि आमागर बेट यांच्यामधल्या उथळ पाण्यात भर घालून क्रिस्तियान्सहाउन हे नवे गाव वसवायला १६१७ मध्ये सुरुवात केली. आराखडा योहान सेम्प या डच अभियंत्याचा होता. मधोमध कालवा, त्याच्या दोन्ही बाजूंना सरळ रस्ते आणि बाहेरून तट अशी ही रचना ॲम्स्टरडॅमच्या धर्तीवर केली होती. कालव्यामुळे जहाजातला माल थेट घराच्या दारात उतरवता येई. घर बांधणाऱ्या व्यापाऱ्यांना करात सवलत मिळाली. गावाला १६३९ मध्ये स्वतंत्र सनद मिळाली, पण १६७४ मध्ये ते कोपनहेगनमध्ये विलीन झाले. इथल्या वोर फ्रेल्सर्स चर्चच्या मनोऱ्याला बाहेरून वळणदार जिना आहे. हा मनोरा १७५२ मध्ये पूर्ण झाला. चारशे पायऱ्यांपैकी शेवटच्या दीडशे उघड्यावर आहेत आणि वर जाताना त्या अरुंद होत जातात.

मुख्य शहराच्या उत्तर अंगाला राजाने तट पुढे सरकवला, तेव्हा तटाच्या आतले क्षेत्र जवळजवळ दुप्पट झाले. या नव्या जागेत १६३१ पासून न्यूबोदर ही खलाशांची वसाहत उभी राहू लागली. आरमार कायम सज्ज ठेवायचे तर खलाशी आणि गोदीतले कारागीर शहरातच राहायला हवेत, आणि त्यांना भाड्याच्या घराची भ्रांत असता कामा नये, हा तिच्यामागचा विचार होता. एकाला एक लागून असलेल्या बैठ्या घरांच्या लांब रांगा, प्रत्येक घराला स्वतंत्र दार, चुलीची एक खोली आणि मागे थोडे अंगण असे तिचे स्वरूप होते. अठराव्या शतकात वाढवलेल्या बहुतेक रांगा दुमजली आहेत. संक्त पाउल्स गेडवर मात्र मूळची एक बैठी रांग शिल्लक आहे. तिथे उभे राहिले की छपराची कड जवळजवळ हाताला लागेल इतकी खाली येते. न्यूबोदरला स्वतःची शाळा, रुग्णालय आणि पोलीस होते. मुलगा पुढे आरमारातच जाणार, हे बहुतेक घरांत गृहीत धरलेले असे. भिंतींचा पिवळा रंग आज इतका प्रसिद्ध आहे की डेन्मार्कमध्ये त्या छटेला न्यूबोदरचेच नाव आहे. मूळची घरे मात्र लाल आणि पांढऱ्या रंगांची होती.

वेढा, बालेकिल्ला आणि बांधकामबंदी

स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्ताव याने १६५८ मध्ये कोपनहेगनला वेढा घातला. वेढा पडण्याआधी शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून शहरवासीयांनीच तटाबाहेरच्या वाड्या जाळून टाकल्या. १६५९ च्या फेब्रुवारीत स्वीडिश फौजेने रात्री हल्ला चढवला. राजा तिसरा फ्रेडरिक शहरात राहून लढला आणि सैनिक, विद्यार्थी व कारागीर यांनी मिळून हल्ला परतवला. या लढाईचे दोन परिणाम झाले. १६६० मध्ये राजाने सरदारवर्गाचे अधिकार मोडून अनियंत्रित राजेशाही आणली, आणि संरक्षणव्यवस्था पुन्हा नव्याने बांधली. बंदराच्या तोंडाशी हेन्रिक रूस या डच अभियंत्याने पाच बुरुजांचा तारकाकृती बालेकिल्ला बांधला. कास्टेलेट नावाचा हा किल्ला आजही शाबूत आहे.

तटाबाहेर तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून विस्तृत पट्टा रिकामा ठेवण्यात आला. तिथे फार तर लवकर पाडता येतील अशी हलकी बांधकामे चालत. वेशींचे दरवाजे रात्री बंद होत. यानंतर पुढची जवळजवळ दोनशे वर्षे वाढत्या शहराला बाहेर पसरता आले नाही. घरांवर मजले चढले, आणि अंगणात दुसरे आणि तिसरे घर उभे राहिले.

वखारींची पेठ आणि तंजावरचा राजा

क्रिस्तियान्सहाउनच्या व्यापाराचा एक धागा थेट भारतापर्यंत येतो. डॅनिश ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६१६ मध्ये झाली. ओव्हे येड्डे याच्या नेतृत्वाखाली जहाजे पूर्वेकडे निघाली. १६२० मध्ये तंजावरचा राजा रघुनाथ नायक याच्याशी तह होऊन कोरोमंडल किनाऱ्यावरचे तरंगंबाडी गाव डॅनिशांना वार्षिक रकमेच्या बदल्यात मिळाले. युरोपीय कागदपत्रांत त्याला ट्रांकेबार म्हणतात. तिथे त्यांनी डान्सबोर्ग किल्ला बांधला. १६७० च्या दशकात व्यंकोजी भोसले यांनी तंजावर घेतले, आणि डॅनिशांचा व्यवहार मराठा राजघराण्याशी सुरू झाला. म्हणजे कोपनहेगनच्या कंपनीचा पैसा काही काळ शिवाजी महाराजांच्या भावाच्या वंशजांच्या खजिन्यात जात होता. डॅनिश मिशनने पाठवलेला जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ हा पुढे तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांचा गुरू झाला.

१७३२ मध्ये स्थापन झालेल्या एशियाटिक कंपनीने क्रिस्तियान्सहाउनमध्ये कचेरी आणि कोठारे बांधली. चीनचा चहा आणि चिनी मातीची भांडी, कोरोमंडल आणि बंगालचे सुती कापड हा माल इथे उतरे. त्याचा लिलाव होई आणि बराचसा माल पुन्हा इतर देशांत जाई. इंग्लंड आणि फ्रान्स एकमेकांशी लढत असताना तटस्थ डेन्मार्कच्या जहाजांना माल वाहण्याची उत्तम संधी मिळे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यापाराने कोपनहेगनला मोठी श्रीमंती आणली. कंपनीच्या जुन्या जागेवरचा चौक आजही आशियाचे नाव चालवतो, आणि तिथे आता परराष्ट्र मंत्रालय आहे. १८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगंबाडी आणि बंगालमधील श्रीरामपूर इंग्रजांना साडेबारा लाख रुपयांना विकले.

या श्रीमंतीचा दुसरा स्रोत अतिशय क्रूर होता. कॅरिबियन समुद्रातील तीन बेटे डेन्मार्कच्या ताब्यात होती. डॅनिश जहाजांनी एक लाखाहून अधिक आफ्रिकी माणसांना गुलाम करून अटलांटिक पार नेले. त्यांच्या श्रमातून पिकलेली साखर कोपनहेगनच्या काठावरच्या कोठारांत येई आणि शहरातल्या साखर कारखान्यांत शुद्ध होई. गुलामांच्या सागरी व्यापारावर १७९२ च्या फर्मानाने बंदी आली, पण ती अमलात १८०३ पासून आली. बेटांवरची गुलामगिरी तर १८४८ पर्यंत चालली. बंदरकाठच्या मोठ्या कोठारांचे सौंदर्य पाहताना ती कोणाच्या श्रमांवर उभी राहिली, हे नजरेआड करता येत नाही.

न्यूहाउन आणि फ्रेडरिक्सस्टाड

जहाजांना शहराच्या मध्यापर्यंत येता यावे म्हणून पाचव्या क्रिस्तियानने १६७० च्या दशकात न्यूहाउन हा कालवा खोदला. एका टोकाला समुद्र आणि दुसऱ्या टोकाला कोंगेन्स न्यूटोर्व हा राजाचा नवा चौक. कालव्याच्या काठी व्यापाऱ्यांची उंच, अरुंद घरे झाली. नऊ क्रमांकाचे घर १६८१ सालचे असून काठावरचे ते सर्वांत जुने आहे. पुढे जहाजांचा आकार वाढला, मोठी जहाजे दुसरीकडे लागू लागली आणि न्यूहाउन खलाशांच्या दारूगुत्त्यांची वस्ती झाली. परीकथाकार हान्स क्रिस्तियान आंदरसन याने इथल्या तीन वेगवेगळ्या घरांत बिऱ्हाड केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरे दुरुस्त झाली, कालव्यात जुनी लाकडी जहाजे नांगरली आणि आज पर्यटकांच्या छायाचित्रांतले कोपनहेगन बहुधा न्यूहाउनचेच असते.

त्याच्या उत्तरेला १७४९ मध्ये पाचव्या फ्रेडरिकने फ्रेडरिक्सस्टाड ही नवी पेठ आखली. ओल्डेनबोर्ग घराणे गादीवर आल्याला तीनशे वर्षे झाली, हे त्याचे निमित्त. वास्तुकार निकोलाय आयग्टवेड याने काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, एकसारख्या उंचीची घरे आणि मध्यभागी अष्टकोनी चौक अशी रचना केली. चौकाभोवतीचे चार राजवाडे चार सरदार घराण्यांनी बांधले. १७९४ मध्ये क्रिस्तियान्सबोर्ग जळाल्यावर राजघराणे इथे राहायला आले आणि पुढे इथेच स्थिरावले. हाच आजचा आमालियनबोर. चौकातला फ्रेडरिकचा अश्वारूढ पुतळा एशियाटिक कंपनीने दिला. फ्रेंच शिल्पकार साली याने त्यावर अनेक वर्षे काम केले. चौकाच्या रेषेत आखलेल्या संगमरवरी चर्चचे काम मात्र पैशांअभावी १७७० मध्ये थांबले. अर्धवट भिंतींवर शंभराहून अधिक वर्षे गवत उगवत राहिले. शेवटी उद्योगपती टीटगेन याच्या खर्चाने १८९४ मध्ये ते पूर्ण झाले.

आगी आणि तोफगोळे

तटाच्या आत दाटीने वसलेल्या शहराला आगीने वारंवार झोडपले. ऑक्टोबर १७२८ मधल्या आगीत शहराचा चौथ्या हिस्स्याहून अधिक भाग जळाला. गोल मनोऱ्याशेजारच्या चर्चच्या माळ्यावरचे विद्यापीठाचे ग्रंथालय नष्ट झाले आणि त्यातील हस्तलिखिते कायमची गेली. जून १७९५ मधल्या आगीत नऊशेहून अधिक घरे जळाली.

या दुसऱ्या आगीची खूण जुन्या शहरातल्या जवळजवळ प्रत्येक चौकात दिसते. नव्या नियमानुसार कोपऱ्यावरच्या घराचा काटकोन तिरका छाटून बांधणे सक्तीचे झाले. आग विझवणाऱ्यांच्या लांब शिड्या आणि बंब अरुंद गल्लीच्या वळणावर अडकून पडत, म्हणून हा उपाय. कोपरे छाटल्यामुळे प्रत्येक नाक्यावर लहानसा अष्टकोन तयार झाला. चौकात उभे राहून चारही कोपरे असे तिरके दिसले की ती घरे त्या आगीनंतरची, हे सहसा बरोबर ठरते. लाकडी सांगाड्याच्या घरांऐवजी विटांची, साध्या आणि सपाट दर्शनी भिंतींची घरे उभी राहिली. जुन्या कोपनहेगनचा आजचा चेहरा मुख्यतः या पुनर्बांधणीने घडवला.

बांधकाम पुरते पूर्ण होण्याआधीच सप्टेंबर १८०७ मध्ये ब्रिटिश फौजांनी शहरावर तीन रात्री तोफा आणि अग्निबाण डागले. डॅनिश आरमार नेपोलियनच्या हाती पडू नये, हा त्यांचा हेतू होता. वोर फ्रू चर्चचा मनोरा पेटून कोसळला, विद्यापीठाची पेठ उद्ध्वस्त झाली आणि ब्रिटिशांनी डेन्मार्कचे आरमार नेले. १८१३ मध्ये राज्याचे दिवाळे निघाले आणि १८१४ मध्ये नॉर्वे हातचा गेला. एकेकाळच्या साम्राज्याची राजधानी आता एका लहान, गरीब देशाची राजधानी झाली.

पटकीची साथ आणि तटाचा शेवट

१८०१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे एक लाख होती. १८५० मध्ये ती एक लाख तीस हजारांवर गेली, पण तट होता तिथेच होता. दर्शनी घरामागे अंगण, त्यामागे दुसरे घर आणि पुन्हा अंगण अशी बांधणी वाढत गेली. दारूच्या भट्ट्या चालवणारे लोक चोथ्यावर गाई पोसत, आणि त्या गाई शहरातच आतल्या अंगणांत बांधलेल्या असत. मैला साठवण्याचे खड्डे आणि पाण्याच्या विहिरी एकमेकांजवळ होत्या. शहराबाहेरच्या तळ्यांचे पाणी पोकळ केलेल्या लाकडी ओंडक्यांच्या नळांतून येई.

१८५३ च्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली आणि काही महिन्यांत साडेचार हजारांहून अधिक माणसे दगावली. गरीब गल्ल्यांमधील कुटुंबांना तटाबाहेरच्या मैदानावर तंबूंत हलवण्यात आले. साथीचे कारण असलेला जंतू त्या काळी कोणाला नेमका ठाऊक नव्हता, पण दाट वस्ती आणि मृत्यू यांचा संबंध डॉक्टरांना स्पष्ट दिसला. एमिल होर्नेमान यांच्या पुढाकाराने डॉक्टरांच्या संघटनेने तटाबाहेर, आजच्या ओस्टरब्रोमध्ये, गरीब कुटुंबांसाठी वसाहत बांधली. तिला ब्रुमलेबी म्हणतात. वास्तुकार बिंडेसबोल याने दुमजली घरांच्या रांगा अशा आखल्या की प्रत्येक रांगेत ऊन यावे, दोन रांगांमध्ये हिरवळ असावी आणि वारा खेळता राहावा. वसाहतीत दुकान, वाचनालय आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय होती. डेन्मार्कमधील सामाजिक गृहनिर्माणाचा आरंभ इथून मानला जातो. १८५९ मध्ये नवा पाणीपुरवठाही सुरू झाला.

साथीच्या आदल्या वर्षी, १८५२ मध्ये, बांधकामबंदीची हद्द मागे घेऊन शहराबाहेरच्या तळ्यांच्या रांगेपर्यंत आणली गेली होती. त्यामुळे तळ्यांपलीकडची जमीन मोकळी झाली, पण तळी आणि तट यांच्यामधली नाही. म्हणून कामगारांची नवी उपनगरे आधी तळ्यांपलीकडे उभी राहिली आणि मधला पट्टा १८७० च्या दशकानंतर भरला. १८५० च्या दशकातच वेशी पाडल्या गेल्या, आणि पुढे तटही. खंदकाचे पाणी ठिकठिकाणी बागांमधल्या तळ्यांच्या रूपात राहिले. ओर्स्टेड बाग, वनस्पती उद्यान आणि ओस्टर उद्यान यांची माळ पाहिली की जुन्या तटाची रेघ नकाशावर डोळ्यांपुढे येते. १८४३ मध्ये सुरू झालेल्या टिव्होली या मनोरंजन बागेतले तळेही खंदकाचाच तुकडा आहे.

तळ्यांपलीकडच्या तीन वस्त्या

पश्चिम वेशीबाहेरच्या वेस्टरब्रोला रस्त्याची आणि रेल्वेची साथ मिळाली. डेन्मार्कची पहिली रेल्वे १८४७ मध्ये इथून रोस्किल्डपर्यंत धावली. त्याच वर्षी जे. सी. याकोबसेन यांनी जवळच्या टेकडीवर बिअरचा कारखाना काढला आणि मुलाच्या नावावरून त्याला कार्ल्सबर्ग म्हटले. १८७९ मध्ये गुरांचा बाजार आणि कत्तलखाने इथे आले. १९३० च्या दशकात त्यांना लागून पांढऱ्या, सपाट भिंतींच्या नव्या इमारती बांधल्या गेल्या. कत्तलखान्यातले आणि रेल्वेतले कामगार लहान खोल्यांत दाटीने राहत. स्थानकामागचा इस्टेडगेड रस्ता वेश्याव्यवसायासाठी बदनाम झाला. १९९० च्या दशकात सरकारी खर्चाने घरे सुधारली, भाडी वाढली आणि मध्यमवर्ग आला. मांसबाजाराच्या इमारतींत आज उपाहारगृहे आणि कलादालने आहेत.

उत्तर वेशीबाहेरच्या नोरेब्रोमध्ये दाटी सर्वांत अधिक होती. तटाच्या आत जी चूक झाली तीच बिल्डरांनी इथे पुन्हा केली. नफ्यासाठी पाच मजली इमारतींच्या मागे बाजूची आणि पाठची घरे बांधून अंगणे अंधारी केली. इथे कामगार चळवळ रुजली. मे १८७२ मध्ये शहराच्या मैदानावर समाजवादी नेते लुई पियो यांनी बोलावलेली सभा पोलिसांनी उधळली. यागट्वाय रस्त्यावरच्या कामगारांच्या सभागृहात १९१० मध्ये समाजवादी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि क्लारा झेटकिन यांच्या पुढाकाराने महिला दिनाची कल्पना तिथे मंजूर झाली. पुढे तरुणांचे केंद्र बनलेली हीच वास्तू २००७ मध्ये पाडली गेली, तेव्हा अनेक दिवस दंगली झाल्या. १९६० च्या दशकापासून तुर्कस्तान, पाकिस्तान आणि युगोस्लाव्हियातून आलेल्या कामगारांनी नोरेब्रोत बिऱ्हाडे केली.

याच वस्तीत १७६० मध्ये गरिबांसाठी सुरू केलेली आसिस्टेन्स दफनभूमी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रतिष्ठितही तिथे विसावू लागले. आंदरसन, तत्त्वज्ञ किर्केगार्ड आणि भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्या कबरी तिथे आहेत. आसपास मोकळ्या जागा कमी असल्याने लोक या दफनभूमीत बागेसारखे फिरायला येतात.

पूर्वेकडच्या ओस्टरब्रोमध्ये तुलनेने सुखवस्तू लोक आले, पण कामगारांनी स्वतः घडवलेली सर्वांत यशस्वी वसाहतही त्याच बाजूला, तळ्यांलगत आहे. बर्माइस्टर आणि वाइन या जहाजबांधणी कारखान्याच्या कामगारांनी, साथीचे हाल जवळून पाहिलेले डॉक्टर उल्रिक यांच्या प्रेरणेने, १८६५ मध्ये घरबांधणी संस्था काढली. सभासद दर आठवड्याला थोडी रक्कम भरत. घर बांधून झाले की चिठ्ठ्या टाकून ते कोणाचे हे ठरे, आणि हप्ते फिटल्यावर ते त्याच्या मालकीचे होई. या संस्थेने १८७३ ते १८८९ या काळात कार्टोफेलरेकर्ने ही ४८० घरांची वसाहत बांधली. लाल-पिवळ्या विटांची अरुंद घरे, पुढे मूठभर बाग आणि शेवटी तळे. एका घरात तेव्हा दोन-तीन कुटुंबे राहत. आज एक कुटुंब राहते, आणि ही घरे देशातील सर्वांत महागड्या घरांत मोडतात. कामगारांसाठी बांधलेले घर कामगाराच्या आवाक्याबाहेर गेले, हा बदल कोपनहेगनच्या जवळजवळ सगळ्या जुन्या वस्त्यांत झाला आहे.

फ्रेडरिक्सबर्ग आणि आमागर

१५२१ मध्ये दुसऱ्या क्रिस्तियानने दरबाराला ताजा भाजीपाला मिळावा म्हणून डच शेतकऱ्यांना आमागर बेटावर बोलावून जमिनी दिल्या. कोबी, गाजर, कांदा पिकवण्यात ते तरबेज होते. त्यांच्या वंशजांतील काही कुटुंबे १६५१ मध्ये शहराच्या पश्चिमेला वसली, आणि त्या वस्तीतून पुढे फ्रेडरिक्सबर्ग वाढले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या टेकडीवर राजवाडा झाला आणि भोवती रुंद, झाडांच्या रस्त्यांची श्रीमंत वस्ती वाढली. १९०१ आणि १९०२ मध्ये कोपनहेगनने भोवतालची गावे सामावून घेतली, पण फ्रेडरिक्सबर्ग राजी झाले नाही. चारही बाजूंनी कोपनहेगनने वेढलेले असूनही तिथली नगरपालिका आजही वेगळी आहे.

आमागरच्या वाट्याला मात्र शहराला जवळ नको असलेले सगळे आले. शहराचा मैला, कचरा आणि दुर्गंधीचे कारखाने तिथे गेले. १९२५ मध्ये बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कास्ट्रुप विमानतळ सुरू झाला. १९९२ च्या कायद्याने ओरेस्टाड ही नवी वसाहत आमागरवर आखली गेली. तिथली जमीन विकून मेट्रोचा खर्च भागवायचा, असा हिशेब होता. २००० मध्ये स्वीडनला जोडणारा ओरसुंड पूल आणि २००२ मध्ये मेट्रो सुरू झाली. उपेक्षित बेट शहराचे नवे प्रवेशद्वार झाले.

बंदराच्या जागेवर नवी वस्ती

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जहाजबांधणी आणि मालवाहतूक बंदरातून हटत गेली. बर्माइस्टर आणि वाइनचा रेफशालेओएन इथला कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. आरमाराने होल्मेन बेटांवरचा बहुतेक तळ सोडला आणि २००५ मध्ये तिथे ऑपेरागृह उघडले. सांडपाणी रोखून पाणी इतके स्वच्छ केले गेले की २००२ मध्ये इस्लांड्स ब्रुगे इथे बंदराच्या पाण्यातच पोहण्याचे तलाव सुरू झाले.

क्रिस्तियान्सहाउनच्या टोकाला लष्कराने सोडलेल्या बराकी होत्या. १९७१ च्या सप्टेंबरमध्ये तरुणांनी कुंपण तोडून त्या ताब्यात घेतल्या आणि स्वतःला स्वायत्त म्हणवणारी क्रिस्तियानिया ही वस्ती जाहीर केली. सुमारे ३४ हेक्टरांच्या या जागेत जुना तट आणि खंदक येतात. सरकारशी दीर्घ संघर्ष झाल्यावर २०१२ मध्ये रहिवाशांच्या प्रतिष्ठानाने जागेचा मोठा भाग विकत घेतला. इथल्या गांजाच्या बाजाराने टोळ्या आणि हिंसाचार आणला होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये रहिवाशांनी त्या रस्त्याचे दगड स्वतः उपटून बाजार बंद केला.

उत्तरेला जुन्या मुक्त बंदराच्या आसपास नोर्डहाउन ही नवी वसाहत भराव घातलेल्या जमिनीवर वाढते आहे. २ जुलै २०११ रोजी झालेल्या ढगफुटीने तळघरे आणि रस्ते पाण्याखाली गेले. त्यानंतर शहराने पावसाचे पाणी जिरवणाऱ्या बागा आणि चौक आखले. ओस्टरब्रोतला टोसिंगे चौक हा त्याचा पहिला नमुना. बंदराच्या तोंडाशी लिनेटेहोल्म हे कृत्रिम बेट बांधण्याचे काम २०२२ मध्ये सुरू झाले. भविष्यातली घरे आणि समुद्राच्या भरतीपासून संरक्षण असे दुहेरी उद्दिष्ट त्यामागे आहे. समुद्रात टाकल्या जाणाऱ्या गाळामुळे त्याला विरोधही झाला आहे. या जमिनीवर कोणत्या उत्पन्नाची माणसे राहू शकतील, हा या पिढीपुढचा प्रश्न आहे. न्यूबोदर राजाने, ब्रुमलेबी डॉक्टरांनी आणि कार्टोफेलरेकर्ने कामगारांनी उभारले. तिन्ही वसाहती टिकल्या, कारण त्या बांधणाऱ्यांनी राहणाऱ्या माणसाचा विचार आधी केला होता.